एमसच्या फळ्यासमोर

एमस टिलरीच्या वर्गाबाहेर मुलं पुन्हा ताटकळत उभी होती. ते पाहून व्हर्ना होल्ट्झक्लॉच्या पोटात नेहमीसारखं दुखलं.

ओहायोतल्या त्या विद्यापीठात दोघंही भौतिकशास्त्र शिकवायचे. सत्र संपलं की मुलं प्राध्यापकांना गुण द्यायची, आणि बढती त्यावरच अडायची. म्हणून व्हर्ना सरसकट ‘ए’ श्रेणी वाटायची. मुलं तिच्यावर खूश होती, पण तिचा वर्ग अर्धा रिकामा असायचा. एमसनं मात्र घरी सोडवायची लेखी परीक्षाच बंद केली होती, कारण घरून आणलेली उत्तरं हल्ली कॉम्प्युटरच लिहायचा. त्याच्याकडे एकट्यानं फळ्यासमोर उभं राहून बोलावं लागे. कित्येक नापास होत, आणि तरी येत.

पालकांच्या तक्रारी आल्या होत्या. ही पद्धत बंद करायची का, यावर दुपारी विभागाचं मतदान होतं. बाकीची मतं समसमान पडणार हे दिसत होतं, निकाल व्हर्नाच्या हातात होता. विरोधाला काहीतरी सबळ कारण हवं म्हणून ती एमसच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसली.

फळ्यापाशी केंड्रा होती. व्हर्नाची लाडकी विद्यार्थिनी, यंदा इकडे आलेली.

“गाडीत हेलियमचा फुगा तरंगतोय,” एमस म्हणाला. “करकचून ब्रेक दाबला. फुगा कुठे जाईल?”

“पुढे.”

“का?”

केंड्रानं सूत्र लिहिलं, पुसलं. “मला गेल्या वर्षी ‘ए’ होता हो या विषयात! व्हर्ना मॅडमनी दिला होता. त्या खूप छान आहेत, कुणालाच दुखवत नाहीत.”

“छानच आहे ती. तू फुग्याचं बोल.”

व्हर्नाचे कान तापले. केंड्रानं फळ्यावर गाडी काढली, तिच्यात फुगा काढला. एमसनं तिला घाई केली नाही.

“थांबा... हवासुद्धा पुढे जाणार. पुढे दाटणार. आणि फुगा तिच्याहून हलका... मागे! सर, तो मागे जाईल!” ती खदखदून हसली.

व्हर्नाच्या वर्गात असं कुणी कधी हसलं नव्हतं. हे हसू माझ्या वाट्याचं होतं, असं तिला वाटलं.

दुपारी तिनं हात वर केला. “पद्धत राहू दे. सगळ्यांनाच लागू करा. पण आपापली मुलं आपण तपासायची नाहीत. याची पोरं माझ्या फळ्यासमोर येतील, माझी याच्या.”

“माझ्या पोरांना सोलून काढशील तू,” एमस म्हणाला.

“काढीनच.”

“आणि तुझी माझ्याकडे आल्यावर?”

याचा विचार तिनं केलाच नव्हता. पण हात वर गेला होता, आणि एमससमोर तो खाली घेणं तिला जमण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलाला फळ्यापाशी बोलावलं.

“याला गुण आहेत का?” त्यानं विचारलं.

“नाहीत.”

“मग कशाला?”

“त्या टिलरीसमोर माझी फजिती करायचीय का तुला? धर खडू.”