परवाची गोष्ट

बरकतपुऱ्याजवळच्या एका कॉलेजात मी नाटक, लेखन आणि भाषणकला शिकवते. नवऱ्याच्या नोकरीमागे पुण्याहून हैदराबादला आले, आणि येताना माझा तोराही सोबत आणला. पहिल्या तासाला मुलांना एक वाक्य ऐकवायची मला हौस होती. "स्टेजवर खोटं बोललात तर तो अभिनय, स्टेजखाली बोललात तर खोटारडेपणा." मुलं ते वहीत उतरवून घ्यायची आणि मला बरं वाटायचं.

त्या वर्षी इथल्या एका मराठी मंडळाने कॉलेजांसाठी एकपात्रीची स्पर्धा ठेवली होती. मजकूर कॉलेजातल्याच कुणा विद्यार्थ्याने लिहिलेला हवा, सादर दुसऱ्याने केला तरी चालेल, अशी अट होती. माझ्याकडे मराठी घरांतली सहा मुलं होती, आणि त्यांत स्वप्ना. ती गौलीगुड्यात राहायची. वडील नागोराव वीज खात्यात नोकरीला, घर मूळचं बिलोलीकडचं. पोरगी मराठी फाडफाड बोलायची, पण वाचताना अडखळायची, म्हणून सगळं मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत लिहायची. ते वाचताना माझे डोळे दुखत. मजकूर मात्र अस्सल होता.

विषय तिची आजी, भागूबाई. कोठी भागातल्या डोळ्यांच्या एका दवाखान्यात तीस वर्षं आया होती. अक्षरओळख नाही, पण बाहेर बसलेल्या माणसांचे नंबर तोंडपाठ. दारात उभी राहून ती तीन भाषांत ओरडायची, "सोळा नंबर! सोला नंबर! पदहारू!" स्वप्नाने तालमीत ती हाक दिली की बाहेर व्हरांड्यातली मुलं थांबून आत डोकवायची. असा आवाज शिकवून येत नाही. मी काही शिकवलाही नव्हता, पण माझीच विद्यार्थिनी म्हणून मिरवत होते.

स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी, एका रविवारी ती तालमीला आली नाही. सोमवारी मी कारण विचारलं.

"मॅडम, आजी परवा वारली ना," ती म्हणाली. "तिचं पुण्यानुमोदन होतं घरी. भंतेजी आले होते, पाहुणे होते."

माणूस गेल्यावर बौद्ध घरांत पुण्यानुमोदन करतात, एवढं मला ठाऊक होतं. माझ्या काळजात चर्र झालं. इतके दिवस मी भागूबाई जिवंत आहे असंच धरून चालले होते. सगळ्या वर्गाला उभं करून मी दोन मिनिटं शांतता पाळायला लावली. स्वप्नाही मान खाली घालून उभी राहिली. आणि खरं सांगायचं तर त्या दोन मिनिटांत माझ्या मनात आलं, एकपात्रीला शेवट मिळाला. आजही ते आठवलं की स्वतःची शिसारी येते.

"जमेल तेव्हा शेवट बदल," मी तिला हळूच म्हटलं. "आजी गेली, तिथे संपव."

गुरुवारी तिने नवा शेवट पाठवला. तालमीत मी तो मोठ्याने वाचायला घेतला. पहिलंच वाक्य होतं, "आजीला जाऊन आता एक वर्ष झालं."

मी थांबले. "स्वप्ना, आजी कधी वारली?"

"परवा, मॅडम."

"इथे एक वर्ष लिहिलंयस."

"हौ मॅडम. वर्षच झालं."

"मग परवा कसं?"

"परवाच ना," ती म्हणाली. तिला माझा प्रश्नच कळत नव्हता. मला मात्र तो निगरगट्टपणा वाटला. तालीम बुडवली म्हणून मेलेल्या आजीला पुन्हा मारलं, आणि वर मलाच उलट उत्तर. मी उसळले. पाच मुलांसमोर तिला सुनावलं. आम्हाला सगळ्यांना तू दोन मिनिटं उभं केलंस, म्हटलं. आजीच्या नावावर सहानुभूती उकळलीस. शेवटी माझं ते आवडतं वाक्यही फेकलं, खोटारडेपणाचं.

"मी खोटं नाही बोलले," ती एवढंच म्हणाली. दोनदा म्हणाली.

मजकूर स्वप्नाच्या नावावर मंडळाकडे आधीच गेला होता, शेवट तेवढा बदलता येणार होता. माणूस खोटं निघालं तरी मजकूर वापरायला माझी हरकत नव्हती. मी तो गौरीला दिला. गौरीचे आईवडील मुंबईचे, दोघंही आयटीत, आजी मुलुंडला सुखरूप. तिने चोख पाठ केलं आणि दुसरा नंबर आणला. लेखनाचं पहिलं बक्षीस स्वप्नाला मिळालं. ते घ्यायला ती आली नव्हती, म्हणून प्रमाणपत्र माझ्याच पर्समध्ये राहिलं.

पुढच्या आठवड्यात स्टाफरूममध्ये तेलुगू शिकवणाऱ्या भाग्यलक्ष्मी मॅडम सुंदर मोरपंखी साडी नेसून आल्या. मी विचारलं, नवी का?

"नई जी, परसों लिए थे. बेटे के नामकरण में."

त्यांचा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"उसमें क्या है? परसों बोले तो परसोंच. कल का भी, बीस साल का भी. हैदराबाद में रहते, इत्ता नई मालूम तुमको?"

आमच्याकडेही परवा म्हणजे मोजून दोन दिवस नसतात, पण वर्षभरापूर्वीच्या मरणाला कुणी परवा म्हणत नाही. इथे म्हणतात. चार वर्षं मी या गावात राहत होते, रोज कुणी ना कुणी परसों म्हणत असणार, आणि मी भाषा शिकवणारी बाई एकदाही कान देऊन ऐकलं नव्हतं. पुण्यानुमोदन वर्षानेही करतात, हेही मला ठाऊक नव्हतं. विचारलं असतं तर एका वाक्यात कळलं असतं. पण मी विचारत नव्हते, मी पकडत होते.

त्याच दिवशी संध्याकाळी प्रमाणपत्र घेऊन गौलीगुड्याला गेले. रिक्षात माफीची वाक्यं जुळवत होते. आईवडिलांसमोरच सांगायचं, असं ठरवलं होतं.

नागोरावांनी दारातच हात जोडले. "या, या मॅडम. तुम्ही कशाला तकलीफ घेतली? पोरीला पाठवलं असतं की." भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली भागूबाईंचा फोटो होता. काळीसावळी बाई, कॅमेऱ्यावरच ओरडेल अशा नजरेची. नागोरावांनी प्रमाणपत्र दोन्ही हातांनी घेतलं आणि फोटोच्या शेजारी टेकवून ठेवलं.

"माय परवाच गेली," ते म्हणाले. "असती तर साऱ्या गल्लीला दाखवून आली असती. पोरीचं नशीब बघा मॅडम, ऐन टायमाला घसा बसला. म्हणू लाली, मॅडमनीच सांगितलं, आवाजाला आराम दे, यंदा दुसरीला करू दे. तुम्ही एवढी काळजी घेता, आम्हाला लई बरं वाटलं."

स्वप्ना चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मॅडमने चारचौघांत खोटारडी म्हटलं, हे तिने घरात सांगितलं नव्हतं. माझी अब्रू झाकायला तिने खोटं सांगितलं होतं.

बोलायची वेळ हीच होती. सगळी वाक्यं तयार होती. नागोराव माझ्याकडे इतक्या आदराने बघत होते की मला तो आदर सोडवेना.

"हो ना," मी म्हटलं. "घसा फारच बसला होता."

स्वप्नाने ट्रे माझ्यापुढे ठेवला. चहा मी कसाबसा संपवला.

रिक्षापर्यंत सोडायला स्वप्ना खाली आली. गल्लीत, उभ्या स्कूटरांच्या मधे, मी तिचा हात धरून माफी मागितली. परसों काय ते मला माहीत नव्हतं, म्हटलं. माझी चूक झाली, मी तुला नाहक बोलले.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वर्गात बोला ना मॅडम. तिथं बोलल्या होत्या ना तुम्ही."

बोलले. सोमवारी, सगळ्यांसमोर. पण रविवारभर मी ते लिहून काढलं होतं. भागूबाईंपासून सुरुवात, मग भाषेचा अहंकार, मग एक लांब थांबा, मग "स्वप्ना, मी तुझी अपराधी आहे." थांबा अगदी जागेवर पडला. आवाजही नेमका तिथेच कापरा झाला. तो खरा कापला की मी कापवला, हे मला आजही सांगता येणार नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. गौरीने तर डोळे पुसले.

स्वप्नाने टाळ्या वाजवल्या नाहीत. शेवटच्या बाकावर बसून ती माझ्याकडे पाहत होती, एकपात्री संपायची वाट बघत असल्यासारखी. पुढच्या सत्रात तिने नाटकाचा विषय सोडून संगणक घेतला. व्हरांड्यात दिसली की "नमस्ते मॅडम" म्हणायची, हळू आवाजात. ती हाक मी पुन्हा कधी ऐकली नाही.

खोटारडेपणाचं ते वाक्य आता मी पहिल्या तासाला सांगत नाही. नव्या मुलांना काय, असं वाक्य होतं हेच माहीत नाही. मला मात्र घसा बसला होता म्हणणारा माझाच आवाज ऐकू येतो, स्पष्ट, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा.

स्वप्ना पास होऊन गेली, तिला नोकरी लागली, असं भाग्यलक्ष्मी मॅडम सांगत होत्या. तुम्ही तिला वर्गात बोललात ते कधी, म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा मी बोटांवर वर्षं मोजायला लागले. सहा होत होती. पण तोंडून निघालं, "परसों."

त्यांनी मान हलवली. त्यांना बरोबर समजलं.