लाटण्यावरची बोटं

मास्तरांनी पहिलं चित्र चष्म्याजवळ नेलं, बासरी उचलली आणि चित्रातल्या मुलीसारखी बोटं तिच्यावर ठेवली. फुंकर मात्र मारली नाही. चित्र बाजूला ठेवून त्यांनी दुसरं घेतलं.

समोर बसलेली चित्रकर्ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. मुलांसाठी काढलेलं तिचं हे पहिलंच पुस्तक. बासरी शिकणाऱ्या एका मुलीची गोष्ट. शब्द थोडे, चित्रं मोठी. संपादक भारी सावध माणूस. "बोटं चुकली तर हात दाखवून अवलक्षण," असं म्हणून त्यांनी तिला इथं धाडलं होतं. मास्तर हो म्हणाले तरच पुस्तक तिचं, नाहीतर चित्रं दुसऱ्या कुणाकडून काढून घ्यायची.

"तुम्ही वाजवता?" मास्तरांनी विचारलं.

"छे! सुरांचं आणि माझं जन्माचं वाकडं."

"मग ही बोटं कुणाची?"

"आईची." ती ओशाळली. "घरात बासरी नव्हती, म्हणून तिच्या हातात लाटणं दिलं. फार चुकलंय का?"

मास्तर हसले नाहीत.

"नवशिका बोटांची टोकं टेकवतो. इथं अख्खी पेरं टेकलीत. आणि हे भोक बघा, अर्धंच झाकलंय. असं बोट बसायला वर्षं जातात."

"पण लाटण्याला कुठली भोकं? ती मी नंतर काढली. तिची बोटं होती तिथं."

मास्तरांनी सगळी चित्रं टेबलावर ओळीनं मांडली आणि वाजवायला घेतलं. एका चित्राचा एक सूर. पहिले दोन-तीन सुटेसुटेच वाटले. मग ते एकमेकांना धरून चालू लागले, वर चढले, एका अर्ध्या सुरावर रेंगाळले आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला. तिच्याच हातच्या रेघा, तिचेच रंग, आणि त्यांच्या आत हे होतं! तिला ते दिसलं नव्हतं. ती तोंडात बोट घालून ऐकत राहिली.

शेवटच्या चित्रापाशी मास्तर थांबले.

"पुढचं?"

"एवढीच आहेत."

"तुमची चित्रं संपली असतील. तुमच्या आईंची ओळ अर्ध्यात राहिलीय."

आईला लाटणं देऊन चित्रं काढली ती संध्याकाळ तिला आठवली. "काढून झालं? मग आता दुसरं धरते," असं म्हणत आई आपणहून बोटं बदलायची. आई कंटाळली असेल असं हिला वाटलं होतं. म्हणूनच "बस झालं, आई," असं हीच म्हणाली होती. त्यावर आईनं लाटणं क्षणभर तसंच धरून ठेवलं आणि मग पोळ्या लाटायला घेतल्या.

घरी आली तेव्हा आई ओट्याशी भांडी विसळत होती.

"काय म्हणाले तुझे मास्तर? हसले असतील. लाटण्याची बासरी होते होय कधी?"

"सगळी बोटं बरोबर आहेत म्हणाले." तिनं मास्तरांनी दिलेली बासरी ओट्यावर ठेवली. "पुढचं विचारत होते."

आईचा हात नळाखाली तसाच राहिला. मग तिनं नळ बंद केला, फडक्यानं एकेक बोट कोरडं केलं आणि बासरी उचलली. बोटं न बघता आपापल्या जागी गेली.

"शेजारच्या मावशींनी शिकवलं," ती म्हणाली. "वडिलांना खपायचं नाही. त्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून दार लावून वाजवायचे. मग लग्न झालं, राहूनच गेलं." तिनं बासरी ओठांजवळ नेली आणि पुन्हा खाली घेतली. "जा, दार लावून घे."

आजोबांना जाऊन जमाना झाला होता. तरी लेक निमूटपणे दाराशी गेली. तिनं दार ओढलं, कडीला हात घातला, तोच मागून आई म्हणाली,

"राहू दे. उघडंच असू दे."