अप्पांचे ओट्स

दार उघडल्यावर अप्पांनी वेदश्रीकडे पाहिलं नाही. दार तसंच सताड उघडं ठेवून ते आत गेले आणि पेपर उघडून बसले. देशपांडे नगरच्या त्या घरात वेदश्री अकरा वर्षांनी पाऊल टाकत होती.

अप्पा म्हणजे तिचे वडील, दत्तात्रेय वकील. हुबळीच्या कोर्टात त्यांनी चाळीस वर्षं काढली. वेदश्रीने शिवानंदशी, एका कन्नड लिंगायत घरातल्या मुलाशी, लग्न ठरवलं तेव्हा त्यांनी त्याला फाटकातूनच परत पाठवलं होतं. तिला म्हणाले होते, “त्याच्याबरोबर जायचं तर जा. परत यायचं नाही.” ती गेली आणि परत आली नाही. मुलगी झाल्यावर तिने पेढ्यांचा बॉक्स पाठवला, तो न उघडता परत आला. आई तेवढी दोन-तीन महिन्यांनी धारवाडला येऊन भेटून जायची, आणि घरी मात्र देवळात गेले होते म्हणून सांगायची.

आता आई अळणावरला भावाकडे मुंजीला गेली आणि न्हाणीत पाय घसरून पडली. पायाला प्लास्टर, महिनाभर हलायचं नाही. इकडे अप्पांच्या हृदयात दोन महिन्यांपूर्वीच स्टेंट बसवलेला, शिवाय साखर. दुपार-रात्रीचा पथ्याचा डबा ठरवता आला, पण सकाळी गोळ्यांआधी काहीतरी पोटात जायला हवं होतं. एकटे असले की ते कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन पुरीभाजी खात. डॉक्टरांनी सकाळी ओट्स सांगितले होते. आई फोनवर म्हणाली, “तुझं त्यांच्याशी काही असू दे. माझ्यासाठी जा.”

म्हणून वेदश्री साडेपाचला धारवाडहून चिगरी ही जलद बस पकडून हुबळीला आली होती. सव्वाआठला तिच्या कारखान्याची बस कोपऱ्यावरून निघायची, ती पुन्हा धारवाड ओलांडून बेलूरच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत जायची. उलटसुलट पन्नास किलोमीटर, एका वाटीसाठी.

पहिल्या दिवशी तिने पाकिटावर लिहिलं होतं तसं केलं. दुधात ओट्स, पाच मिनिटं, वर दोन बदाम. अप्पांनी चमचा वाटीत उभा केला. तो उभाच राहिला.

“निवडणुकीत भिंतीवर कागद चिकटवायला अशी खळ करतात,” ते म्हणाले. तिला नाही, समोरच्या भिंतीला. वाटी सरकवून ते उठले. साडेआठला पुरीभाजीच खाल्ली असणार.

वेदश्रीला राग आला, आणि जास्त राग याचा आला की ते खरं होतं. ती बेलूरला बिस्किटांच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत काम करत होती. कशात किती ओलावा, काय कुरकुरीत राहील आणि काय लिबलिबीत होईल, हे सांगण्याचाच तिला पगार मिळत होता. बसमध्ये तिने ठरवून टाकलं की या माणसाला बोलायला जागा म्हणून ठेवायची नाही.

मंगळवारी दूध काढून टाकलं, फोडणी करून पाण्यात शिजवले. अप्पा म्हणाले, “आलेल्या माणसांना फोडणी आणि जळण यातला फरक कळत नाही.” बुधवारी फोडणी बरी झाली, पण पाणी जास्त पडलं. “हे प्यायचं की खायचं, तेवढं लिहून ठेवावं.” दोन चमचे खाऊन त्यांनी हात धुतले. ते अजूनही तिच्याशी बोलत नव्हते, हवेशी बोलत होते. उरलेलं डब्यात भरून तिने कारखान्यात दुपारी स्वतः खाल्लं, चव घेत, काय चुकलं ते शोधत.

गुरुवारी तिने ओट्स आधी कोरडेच भाजले, मंद आचेवर, शेंगदाणे भाजल्यासारखा खमंग वास सुटेपर्यंत. चमचाभर तेलात मोहरी, जिरं, कढीपत्ता, आलं, मिरची. गाजर, बीन्स आणि मटार वाफवून. वाटीभर ओट्सना सव्वा वाटी उकळतं पाणी, त्याहून थेंब जास्त नाही, आणि झाकण ठेवून लगेच गॅस बंद. पाच मिनिटांनी झाकण काढलं तेव्हा दाणा न् दाणा मोकळा होता. वरून लिंबू.

अप्पांनी अर्धी वाटी खाल्ली. “आजाऱ्याचं आहे,” म्हणाले. “आजारी आहे, म्हणून आजाऱ्याचं द्यायचं. असो.”

“मीठ डॉक्टरांनी कमी सांगितलंय,” ती चार दिवसांत पहिल्यांदा बोलली.

“मी कुणाला काही विचारलेलं नाही.”

शुक्रवारी ती घरून कारळ्याची चटणी घेऊन आली, लसूण जास्त घातलेली, मीठ नावापुरतं. एक चमचा कडेला वाढली आणि साय काढलेल्या दुधाचं दही ठेवलं. अप्पांनी पहिला घास घेतला, मग चटणी लावून दुसरा. ते काहीतरी बोलणार म्हणून ती ओट्यापाशी वाट बघत उभी राहिली. ते बोलले नाहीत. वाटी रिकामी झाली. चमच्याने कडासुद्धा पुसल्या. मग पेपर उचलला आणि चेहरा झाकून घेतला. शनिवारीही तसंच झालं.

त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन आला. ती रडत होती.

“नसेल जमत तर नाही म्हणायचं होतंस, वेदा. मला कशाला खोटं सांगितलंस?”

“काय खोटं?”

“रोज जाते म्हणून. आत्ता ते म्हणाले, कुणी येत नाही, मी हॉटेलातून मागवून खातो. मी इथे पाय वर करून पडलेय. मला किती काळजी लागून राहते गं.”

वेदश्री एवढंच म्हणाली, “उद्या कळेल तुला.”

रविवारी ती नेहमीच्या वेळेला गेली. गॅस पेटवला नाही. जेवायच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली. साडेसातला अप्पा आंघोळ करून आले. रिकाम्या टेबलाकडे बघून थबकले.

“आज काय नाही का?” त्यांनी विचारलं. हवेला नाही, तिलाच.

“आज कुणी आलेलंच नाही, अप्पा. तुम्हीच आईला सांगितलंत ना.”

अप्पा समोरच्या खुर्चीत बसले. पन्नास साक्षीदारांना याच माणसाने बोलता बोलता अडकवलं असेल, असं तिला वाटलं, आणि बरं वाटलं.

“लाज नाही वाटली? ती बाई तिकडे रडतेय.”

“काय सांगायचं होतं मी तिला?” अप्पांचा आवाज चढला. “अकरा वर्षं या घरात तुझं नाव काढू दिलं नाही तिला. एकदा वाढदिवसाला तुझी आठवण काढली तर मी ताटावरून उठलो होतो. आता काय सांगू, तीच येते आणि मी रोज वाटी चाटून पुसून खातो?”

“हो. असंच सांगायचं.”

“ते माझ्या तोंडून येत नाही.”

“मग उपाशी बसा. मी तुमच्यासाठी येत नव्हते आणि यापुढेही येणार नाही. पण आईला आत्ता फोन करायचा, माझ्यासमोर.”

अप्पांनी फोन पुढ्यात ओढला, चष्मा चढवला. मग त्यांनी नंबर लावला.

“लक्ष्मी. अगं, वेदा येते. रोज आली, सोमवारपासून. मी तुला उलटं सांगितलं.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. “चुकलं माझं,” ते म्हणाले. “हो. खातो. बरं करते.”

ते ‘चुकलं’ आईला होतं. आपल्या वाट्याला ‘बरं करते’ एवढंच आलं, हे वेदश्रीच्या लक्षात आलं. फोन ठेवल्यावर तिने कढई ओट्यावर आदळली.

“उठा. एकदाच दाखवणार आहे.”

“मला गॅस पेटवता येत नाही.”

“बाहत्तर वर्षांचे झालात. शिका.”

ती हात मागे बांधून उभी राहिली. अप्पांनी लायटर चार वेळा दाबला. ओट्स भाजताना ते हलवायचे थांबले आणि तळाचे काळे झाले. तिने सांगितलं नाही. धूर निघाल्यावर त्यांनाच कळलं. “टाकू?” त्यांनी विचारलं. “तुमचं आहे, तुम्ही ठरवा,” ती म्हणाली. त्यांनी टाकले आणि पुन्हा भाजायला घेतले. गाजर इतकं जाड चिरलं की ते शिजलंच नाही. पाणी मात्र त्यांनी दोनदा मोजून घातलं. शेवटी जे झालं ते धड मोकळं नव्हतं, धड मऊ नव्हतं. अप्पांनी ते सगळं खाल्लं. ती बॅग उचलून निघाली तेव्हा ते कढई घासत होते.

त्यानंतर ती गेली नाही. अप्पांनी फोन केला नाही, तिनेही नाही. आई अळणावरहून कळवायची, आज जमले म्हणाले, आज चिकट झाले म्हणाले. वेदश्री ऐकून घ्यायची आणि विषय बदलायची.

तीन आठवड्यांनी आईचं प्लास्टर निघालं. एका रविवारी वेदश्री आणि शिवानंद पहाटेच गाडी घेऊन अळणावरला गेले आणि आईला घेऊन साडेनऊला देशपांडे नगरला पोचले. शिवानंदने आईला आधार देऊन फाटकापर्यंत आणलं. तिथे तो थांबला आणि तिचा हात वेदश्रीच्या हातात दिला.

अप्पा पायरीवर उभे होते. ते खाली उतरले, पण आईकडे आधी गेले नाहीत. “बर्री,” ते शिवानंदला कन्नडमध्ये म्हणाले, “वळगं बर्री.” या, आत या.

“इरली री,” शिवानंद शांतपणे म्हणाला. असू दे. आणि जाऊन गाडीत बसला.

आईला खुर्चीत टेकवून वेदश्री खिडकीशी आली तेव्हा अप्पा वाफाळती वाटी घेऊन गाडीपाशी उभे होते. त्या दोघांचं काय बोलणं झालं ते तिला ऐकू आलं नाही. शिवानंदने हात जोडलेले दिसले. अप्पा थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग वाटी घेऊन परत आले. शेजारचे विठ्ठलराव गॅलरीतून हे सगळं बघत होते, हे अप्पांनाही माहीत होतं.

वेदश्रीला बरं वाटलं. नंतर तेवढं बरं वाटेना.

“नाष्टा झालाय म्हणतो,” अप्पांनी आईला सांगितलं आणि ती वाटी तिच्या पुढ्यात ठेवली. आईने एक घास खाल्ला, त्यांच्याकडे पाहिलं आणि खात राहिली.

धारवाडच्या वाटेवर नवलूर मागे पडल्यावर वेदश्रीने विचारलं, “पहाटे चहावर निघालास. भूक नव्हती का?”

“होती,” शिवानंद म्हणाला. “त्यांना परत एकदा विचारू दे. मग बघीन.”