शिहाताच्या डोक्यातलं घड्याळ

मी एक जुनं एमआरआय यंत्र आहे मित्रांनो, आणि मला राग आलाय. गोड गोष्ट हवी असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

इजिप्तमधल्या महल्ला या गिरण्यांच्या गावात, एका इस्पितळाच्या तळघरात माझी सोळा वर्षं गेली. आलो त्या दिवशी सरबत वाटलं होतं. आता माझी गादी फाटलीय, तिला चिकटपट्टी मारलीय. त्याचं मला काही नाही. राग आहे तो शिहाताबरोबर जे केलं त्याचा.

शिहाता माग चालवायचा. रोज दुपारी चारला, असरच्या नमाजाच्या अजानच्या सुमारास, त्याच्या डाव्या डोळ्यामागे तापलेली सळई खुपसल्यासारखं व्हायचं. डोळा लाल, पाण्याची धार. एका जागी बसवत नसे. कुणीतरी दाताचं दुखणं समजून त्याच्या तीन धडक्या दाढा उपटल्या. गिरणीनं शेवटचं सांगितलं: चित्रात आजार दिसला तर सकाळची पाळी, नाही दिसला तर घरी बस.

मुकादम गलाल त्याला घेऊन आला.

"डॉक्टरीणबाई, याचं दुखणं अजान ऐकून उठतं! या साहेबांनी डोक्यात घड्याळ बसवून घेतलंय."

"तुमच्याही डोक्यात आहे, उस्ताद," डॉक्टर नस्मा म्हणाली. "मेंदूच्या तळाशी, बदामाएवढं. झोपेची, भुकेची वेळ तेच सांभाळतं. असं रोज ठरल्या वेळी डोकं उठणाऱ्या रोग्यांमध्ये तिथली घडण किंचित वेगळी असावी. पण एकट्याच्या चित्रात ते दिसत नाही. पुष्कळ रोग्यांची चित्रं निरोगी माणसांच्या चित्रांशी ताडून बघावी लागतात."

"मग आज काय दिसणार?"

"बहुतेक काहीच नाही."

"झालं! शिहाता, गुंडाळ बाबा गाशा."

मी चित्रं काढली. अहवालाच्या कागदाची वाट बघता बघता चार वाजले, आणि माझ्या दाराबाहेर शिहाता भिंतीवर डोकं आपटू लागला.

गलालचं हसू विरलं. "अरे भावा, नको रे! फुटेल!" ओरडत त्यानं आपला पंजा भिंत आणि डोकं यांच्यामध्ये घातला. शिहाता आपटत राहिला, पंजा सोलवटत राहिला. नस्मानं प्राणवायूचा मुखवटा चढवला, तेव्हा पंधरा मिनिटांनी तो शांत झाला.

मग गिरणीचा डॉक्टर आला. पडद्याकडे बघितलं. "गाठ नाही, रक्तस्राव नाही. माणूस खोटारडा."

"साहेब, माझा हात बघा की!" गलालनं सोललेला पंजा पुढे केला.

"हाताचं चित्र काढलंय का?" म्हणाला, आणि सही ठोकून गेला.

मी त्याला खोटारडा म्हटलं नव्हतं! मला फक्त गाठ विचारली, मी नाही म्हटलं. जे मला विचारलंच नाही ते माझ्या नावावर खपवलं, आणि शिहाताची नोकरी गेली. नस्मानं त्याचं चित्र जपून ठेवलंय, तसलं तेविसावं. अजून पुष्कळ लागतील.

मित्रांनो, तुमच्यासमोर कुणी कळवळत असेल तर कागदासाठी माझ्याकडे धावू नका. आधी भिंत आणि डोकं यांच्यामध्ये आपला हात घाला.