रॅकच्या मागच्या दारावरचा हात

लांबू जिंकला. कंपनीनं तोच घेतला, तो आता दुसऱ्या मजल्यावर गुणगुणत बसलाय, आणि रॅकचं मागचं दार निघालं.

तर असं काहीही झालेलं नाही. मी लिहिलं नाही, तुम्ही वाचलं नाही. दार जागेवर आहे, सर्व्हर अजून निवडायचा आहे, आणि मेधत साहेब मला विचारताहेत, "हाजेम, तुझा तक्ता झाला का रे?"

आमची कंपनी मॅकरोनी बनवते. कारखाना शहराबाहेर बुर्ज अल-अरबला, आणि सर्व्हरची खोली अलेक्झांड्रियात, स्मूहा भागातल्या ऑफिसात. कुठल्या दुकानात मॅकरोनीच्या किती नळ्या गेल्या आणि किती शंख गेले, हे सगळं त्या खोलीला ठाऊक असतं. तिथले जुने सर्व्हर थकले होते. सकाळी विचारलेलं दुपारी सांगायचे, आणि तेही चुकीचं. नवा घ्यायचं ठरलं, तुलना करायचं काम माझ्याकडे आलं, आणि बासेल नावाचा विक्रेता दोन सर्व्हर घेऊन हजर झाला. बासेल दोन्ही कंपन्यांचा माल विकतो. कुठलाही घ्या, तो सारखाच खूश असतो. निवड करायच्या वेळी अशा माणसाचा काडीचा उपयोग नसतो.

पहिल्याचं नाव मी ठेंगू ठेवलं. अंगानं आखूड, बेताच्या ताकदीचा, रॅकमध्ये, म्हणजे सर्व्हर ठेवायच्या लोखंडी कपाटात, नीट मावणारा. दुसरा लांबू. ताकद दुप्पट, डिस्क चालू मशीनमध्ये बदलता येते, विजेचे डबे दोन, एक मेला तर दुसरा काम ओढतो. दोष एकच. तो रॅकच्या मागून वीतभर बाहेर येतो, आणि मग मागचं दार लागत नाही.

मी तक्ता केला. प्रोसेसर, मेमरी, वीज, आवाज, दुरुस्तीची सोय, सगळ्यांना दहा-बारा गुण. लांबीला चाळीस.

साहेबांनी तक्ता वाचला. "लांबीला चाळीस? अरे, आपण सर्व्हर घेतोय की पलंग?"

"साहेब, मागचं दार लागलं पाहिजे."

"का? तो आत कपडे बदलणार आहे?"

मग साहेबांना आठवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि डोळ्यांवर न चढवता खिशात ठेवला.

"बरं," ते म्हणाले. "चाळीस तर चाळीस."

त्या दारावर माझ्या बहिणीचा हात आहे.

रॅक नवीन आला तेव्हा साहेबांनी फाटकापाशी मेंढा कापला होता. नवी गाडी, नवं दुकान, नवं यंत्र, काही नवं आलं की आम्ही कापतो. रक्तात हात बुडवून त्या वस्तूवर ठसा उमटवतो, म्हणजे नजर लागत नाही. पण ट्रकवर ठसा मारणं वेगळं आणि सर्व्हरच्या रॅकवर मारणं वेगळं. मांस वाटून झालं, रक्ताची परात वर आली, आणि खोलीतले सगळे इंजिनियर एकदम बूट न्याहाळू लागले. बासेल तेव्हाही होताच. तो म्हणाला, "आधीच सांगतो, वॉरंटीत रक्त बसत नाही."

नेव्हीन त्या खोलीची प्रमुख. माझी थोरली बहीण. मला नोकरी तिनंच लावली आणि वर गावभर सांगत फिरली, की माझा काही संबंध नाही, हा स्वतःच्या अकलेवर लागला, बघा ना कामावरून कळतंच. तिनं बाही वर केली.

"सरका रे. सॉस पडल्याशिवाय मॅकरोनी झालीय का कुणाची?"

"पुढे नको पोरी," साहेब ओरडले. "पुढे काच आहे, पाहुणे येतात!"

म्हणून मागे. मागचं दार लोखंडी, पांढरं. तिनं फाडकन थाप मारली, मला मारायची तशी. पाच बोटं उमटली. करंगळी वाकडी, कारण शाळेत व्हॉलीबॉल खेळताना मोडली होती आणि तिनं घरी सांगितलंच नव्हतं.

दोन उन्हाळ्यांमागे मत्रूहच्या रस्त्यावर एका ट्रकनं तिच्या गाडीला ठोकलं आणि ती गेली. ट्रक नवा होता. त्याच्या बोनेटवर हाताचा ठसा होता, ताजा. ट्रकला ओरखडासुद्धा आला नाही. प्रथा काम करते, याबद्दल माझी काही तक्रार नाही.

ठसा मात्र टिकला. अलेक्झांड्रियात समुद्र घराघरात शिरतो, बरणीतलं मीठ भिजतं, पण त्या खोलीत एसी हवा कोरडी ठेवतो. ठसा तपकिरी झाला, पण एक रेघ हलली नाही. बाहेरच्यांना खोलीत प्रवेश नाही, त्यामुळे आईनं तो कधी पाहिला नव्हता. ती मला फोनवर विचारायची.

"बरा आहे ना हात?"

"बरा आहे, आई. एसीत आहे. आपल्यापेक्षा बरा आहे."

"मग तिला सांग, अंगावर काहीतरी घे."

तक्ता मंजूर झाला, आता चाचणी उरली. नेव्हीनची पद्धत खोलीत सगळ्यांना पाठ होती. माहितीपत्रक वाचायचं नाही. मशीनला रॅकमध्ये घालायचं, दार लावायचं, पोटभर काम द्यायचं, आणि मागे जाऊन हात लावून बघायचं. "माणसं तापली की ओरडतात," ती म्हणायची, "हे बिचारं नुसतं हळू होतं. कळायचं कसं?"

आधी ठेंगू. रमझानच्या तोंडावर आमच्याकडे सगळा देश मॅकरोनी भरून ठेवतो, तर गेल्या वर्षीच्या त्या दिवसांच्या ऑर्डरी मी पुन्हा त्याच्यावर सोडल्या. सुरुवातीला ठेंगू सुसाट. मी मनात चाळीस गुण देऊनही टाकले. मग तो मंदावला. मी रॅकच्या मागे गेलो आणि दाराला हात लावला. हात कुठे लावायचा हा प्रश्न नव्हता, जागा ठरलेली होती. तिच्या बोटांवर माझी बोटं.

हात गरम होता.

भाजणारा नाही. हाताइतका गरम. उन्हातून घरी आल्यावर ती माझ्या मानेवर ठेवायची, तितका.

मी तिथेच उभा राहिलो. पडद्यावर ठेंगू आता रांगत होता.

"काय रे," बासेल पुढून म्हणाला, "चिकटलास का?"

"सगळं छान चाललंय."

"कसलं छान? शंखाची एक ऑर्डर निघेपर्यंत समुद्रात आख्खा शंख वाढेल." तो मागे आला. त्यानं दार पाहिलं, मला पाहिलं, आणि त्याचा आवाज उतरला. "हाजेम, भावा, चूक ठेंगूची नाही. दार बंद आहे. गरम हवा जाणार कुठे? जुने सर्व्हर काही कामच करत नव्हते, म्हणून चाललं. आता कुठलाही नवा घे, हे दार काढावंच लागेल."

"कुठलाही?"

"कुठलाही. दार वाचणार असतं तर मी तुला तिसरासुद्धा आणून दिला असता."

चाळीस गुण माझ्या हातात राहिले. कुणाला द्यावेत ते कळेना. आकडे बदलणं सोपं होतं, तक्ता माझाच होता. बंद दारामागे ठेंगू उत्तम, असं लिहिलं असतं तर साहेबांनी चष्मा न लावता सही केली असती. मग रमझानच्या तोंडावर खोली बंद पडली असती. नेव्हीनच्या हाताखाली ती खोली एकदाही बंद पडली नव्हती. तिचा हात ठेवायचा म्हणून तिची खोली बंद पाडायची? एवढा विनोद मलाही जमत नाही.

मी लांबीला शून्य गुण लिहिले. लांबू जिंकला. वर सांगितलंच होतं, पण तुम्ही ते वाचलं नव्हतं.

साहेब म्हणाले, "दार घरी ने. फाटकावर मी सांगून ठेवतो." त्यांनी बिजागरीचे स्क्रू स्वतः काढले. एक टोकाला वाकडा होता, तो खिशात टाकला.

शुक्रवारी नमाजानंतर दार एसीतून काढलं आणि बासेलच्या गाडीत घातलं. त्यावर घरातल्या सगळ्यात जाड ब्लँकेटचं दुहेरी पांघरूण. सिदी बिश्रला घरी पोचलो, लिफ्ट बंद, पाच मजले चढवलं. बासेल वाटेत तीनदा म्हणाला, की या कंपनीशी पुन्हा व्यवहार केला तर त्याचं नाव बदलावं.

आईनं नेव्हीनच्या खोलीतली भिंत मोकळी केली होती. ओव्हनमधून बेशामेलचा, म्हणजे दुधाच्या सॉसातल्या मॅकरोनीचा, वास येत होता. बाल्कनी सताड उघडी, समुद्राचा वारा थेट आत. आमचं दार टेकवून होतंय तोवर तिनं ब्लँकेट ओढलं.

ठसा होता. पाच बोटं, वाकडी करंगळी. आईनं करंगळीजवळ बोट नेलं, टेकवलं नाही.

लोखंड अजून गार होतं. खोलीतून गार वस्तू बाहेर काढली तर ती हवेइतकी गरम होईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर तिला पाणी सुटतं. हेसुद्धा नेव्हीननंच शिकवलेलं. आधी दार धुरकटलं. मग थेंब आले, बारीक बारीक, तळहातभर.

"आई, थांब..."

"अगं बाई," आई दाराला म्हणाली, "किती घाम आलाय तुला."

आणि नेव्हीन पाच मजले चढून आली की आई करायची तसंच तिनं केलं. ओढणीचं टोक धरलं आणि हात पुसला. आधी तळवा. मग एकेक बोट, नीट, मुळापासून टोकापर्यंत. करंगळी सगळ्यात शेवटी.

मग तिनं ओढणीकडे पाहिलं.

बासेल जिन्यात जाऊन बसला. आईनं ओढणीचं ते टोक घडी करून मुठीत धरलं. दार पांढरं होतं, कारखान्यातून आल्यासारखं.

मग ती म्हणाली, "त्या मुलाला आत बोलाव. जेवून घ्या. गार होतंय."

आम्ही जेवलो. तिनं एका हातानं वाढलं.

आता अर्ज.

प्रति, मा. संचालक, हवामान खाते, अलेक्झांड्रिया. विषय: हवेतील आर्द्रता कमी करून मिळणेबाबत. महोदय, गेल्या शुक्रवारी दुपारी सिदी बिश्र भागात, पाचव्या मजल्यावर आढळलेली आर्द्रता पूर्वलक्षी प्रभावाने रद्द करण्यात यावी व समुद्रास तशी लेखी समज देण्यात यावी. सोबत दार नग एक, कोरे, तपासणीस हजर करण्यास अर्जदार तयार आहे. ओढणी हजर करता येणार नाही, ती अर्जदाराची आई सोडत नाही. तरी सदर दुपार कोरडी करून मूळ स्थितीत परत मिळावी, ही विनंती.