मागचा एक्सल कुणाचा?

"गाडी कुठली?" नाना पेठेतल्या चाकांच्या दुकानदारानं विचारलं.

"घरचीच," रविराज म्हणाला.

दुकानदारानं हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि त्याच्याकडं नीट पाहिलं. "घरची म्हणजे? कंपनी कुठली, मॉडेल कुठलं? मागचा एक्सल कुठल्या गाडीचा आहे? पाचच बोल्ट असले तरी प्रत्येकाचं वर्तुळ वेगळं. चाक नाही बसलं तर नंतर माझ्या नावानं शंख करायचा नाही." असं म्हणून त्यानं भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं. विकलेला माल परत घेतला जाणार नाही, असं तिच्यावर लिहिलं होतं, आणि ती पाटी लिहिणाऱ्यानं 'नाही'खाली दोन रेघा मारल्या होत्या.

रविराज रिकाम्या हातानं बाहेर पडला. कुरकुंभच्या केमिकल कंपनीत तो फिटर होता. दिवसभर पंप, व्हॉल्व्ह आणि पाइप यांच्याशी झोंबणारा माणूस, आणि स्वतःच्याच गाडीचं नाव सांगता येईना. आपल्या गावी, खुटबावला, पोचेपर्यंत तो वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला शिव्या देत होता.

खरं तर गाडीचा त्यात काही दोष नव्हता. ती जन्मालाच तशी आली होती. शिरूरला भाड्यानं राहणाऱ्या एका इंजिनिअरनं तयार सामान मागवून ती दारात जोडली होती: दोन माणसांची, गुडघ्याएवढ्या उंचीची, लाल फायबरच्या अंगाची स्पोर्ट्स कार. इंजिन आणि पुढचा भाग जुन्या फियाटचा, आणि मागचा भाग देव जाणे कुणाचा. इंजिनिअरची गुजरातला बदली झाली, तेव्हा त्यानं चाकं एकाला विकली आणि उरलेली गाडी रविराजला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून ती खुटबावला आली आणि आप्पांच्या पत्र्याच्या शेडमध्ये विटांवर बसली. तिथून ती हललीच नाही.

आप्पा म्हणजे रविराजचे वडील, सावळाराम. अर्धं आयुष्य मेंढरांमागं कोकणापर्यंत चालण्यात गेलं, मग विहीर पाडली, जमीन केली, कांदा पिकवला. बोलणं कमी. त्यांची एक जुनी जीप होती, तिला घरात दुसरं कुणी हात लावत नसे. रविराजची अर्धवट राहिलेली कोंबड्यांची शेड आणि मासे धरायच्या आतच आटलेलं तळं, दोन्ही त्यांनी मुकाट्यानं पाहिली होती. गाडी आली तेव्हा मात्र ते बोलले.

"कांदा शेडात यायच्या आत ही तिच्या पायानं भायेर गेली, तर तुझी. न्हाई गेली, तर भिमाची."

भिमा भंगारवाला होता. तो दोनदा येऊन गाडीभोवती फिरूनही गेला होता. रविराजला ती गाडी हवी होती. का, ते सांगता आलं नसतं. ड्यूटीवरून आल्यावर तो नुसता तिच्यात बसायचा, इंजिन चालू करायचा आणि विटांवर बसल्या बसल्या गिअर टाकायचा.

पुढची चाकं मिळाली. ती फियाटची होती, आणि चौफुल्याला सर्जेरावच्या गॅरेजात एक जोडी पडून होती. मागची मात्र रुंद, चकचकीत अलॉयची पाहिजेत, हा रविराजचा हट्ट. त्यासाठी एक्सलचं नाव हवं होतं. मग नाव शोधणं सुरू झालं, आणि मुलगी बघायला आलेले पाहुणे जसे घराणं विचारतात तसं सगळं गाव त्या एक्सलचं घराणं विचारू लागलं.

सर्जेराव स्वतः आला. उकिडवा बसला, तंबाखू मळली, गाडीखाली एकदा वाकून पाहिलं. "अँबॅसडर. डोळं झाकून सांगतो."

"डोळं उघडून सांग की," रविराज म्हणाला.

सर्जेराव रागावून निघून गेला. पाटसच्या साखर कारखान्यावरचा एक ड्रायव्हर आला, त्यानं मेटॅडोर सांगितलं. शेजारच्या वस्तीवरचे एक मामा तर ठामपणे म्हणाले, की हा ट्रॉलीचा एक्सल आहे आणि ती ट्रॉली कुणाची होती तेही त्यांना माहीत आहे. रविराजनं रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन एक्सलच्या मधला फुगीर गोळा घासला. मळीच्या थराखालून एक आकडा निघाला. त्याला इतका आनंद झाला, की त्यानं रुपालीला, म्हणजे बायकोला, हाक मारून तो दाखवला. पण तो आकडा कुणालाच काही सांगेना.

गुजरातला गेल्यापासून इंजिनिअरचा फोन लागत नव्हता, म्हणून शेवटी रविराज शिरूरला निघाला. रुपालीची मावशी तिथं असते, म्हणून तीही मोटरसायकलवर मागं बसली. इंजिनिअरच्या खोलीला कुलूप होतं. घरमालकीण सिंधूबाई ओट्यावर मिरच्यांची देठं खुडत होत्या.

"आक्का, त्या साहेबांनी मागचा एक्सल कुठल्या गाडीचा घातला होता, काही म्हाईत हाय का?" रविराजनं विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं? बसा की, बसा. आरं, त्या गाडीनं माझं दार अडवलं व्हतं वर्षभर. लाईटबिलाचा बी वाद झाला. एकदा तर हितंच दारात मोडून पडली, आन् मग—"

"नाव सांगितलं होतं का त्यांनी, एक्सलचं?"

"नाव न्हाई बाबा. पर तवा काय झालं—"

रविराज उठला. वाट्टेल ते ऐकायला तो एवढ्या उन्हात आला नव्हता. त्यानं जाऊन मोटरसायकलला किक मारली आणि हॉर्न वाजवत राहिला. रुपाली मात्र ओट्यावर बसून राहिली, सिंधूबाईंबरोबर चार देठंही तिनं खुडली, आणि नवऱ्याचा हॉर्न फारच चढला तेव्हा निघाली.

परतताना वाटेत न्हावऱ्याला चहाला थांबल्यावर ती म्हणाली, "अहो, त्या बाई म्हणत होत्या—"

"एक्सलचं नाव कळलं का?"

"नाव न्हाई, पर—"

"मग ऱ्हाऊ दे. डोकं आधीच फिरलंय माझं."

रुपालीनं चहा संपवला. तिला राग आला होता, आणि तो तिनं घरी येईपर्यंत गप्प बसून पुरेपूर दाखवला. रविराजच्या ते लक्षातही आलं नाही.

नावाचा नाद त्यानं सोडला तो कांदा काढणीला लागल्यावर. रानात पातीखाली ढीग दिसू लागले आणि त्याची झोप उडाली. मग त्याला सुचलं, की नाव घेऊन करायचंय काय? त्यानं मागच्या ड्रमवर, म्हणजे चाक बसतं त्या तबकडीवर, पुठ्ठा धरला, ग्रीस लावलेल्या बोल्टांवर दाबला. पाच काळे ठिपके उमटले. हे आधी का सुचलं नाही, म्हणून त्यानं कपाळावर हात मारला. डावी बाजू मोकळी होती, तिचा ठसा घेतला. उजवी बाजू भिंतीला टेकलेली, मधल्या फटीत ठिबकच्या नळ्यांची वेटोळी कोंबलेली. वाकून पाहिलं, अंधारात पाच बोल्ट दिसले. इकडं पाच, तिकडं पाच. एकाच एक्सलची दोन टोकं, वेगळी कशाला असतील?

नाना पेठेतल्या दुकानदारानं पुठ्ठ्यावर एकामागून एक चाक ठेवून पाहिलं. एकाची भोकं ठिपक्यांवर बरोबर बसली. "दोन्ही बाजू बघितल्या ना?" त्यानं विचारलं. "बघितल्या," रविराज म्हणाला. खोटं नव्हतं ते, वाकून बघितल्याच होत्या. तसल्या चाकांची जोडी घेऊन तो घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कांद्याची पहिली ट्रॉली अंगणात रिकामी झाली. शेडच्या दारासमोर लालसर ढीग, पाट्या घेतलेल्या बाया थांबलेल्या, आप्पा दारात खाटेवर. भिमाही टेम्पो घेऊन कोपऱ्यावर उभा होता, सहज आल्यासारखा. रविराजनं पुढची चाकं बसवली. मागचं डावं बसवलं. ते इतकं अलगद बसलं, की बायांपैकी कुणीतरी "बाई, देखणं हाय की," असं म्हणालं आणि रविराजला गहिवरून आलं.

मग त्यानं ठिबकच्या नळ्या उपसल्या, जॅक लावून गाडी जरा भिंतीपासून सरकवली आणि उजवं चाक उचललं.

ते बसेना. एका बोल्टावर भोक धरलं की दुसरा बोटभर बाहेर. फिरवून पाहिलं, उलटं धरून पाहिलं. ड्रम पुसला. गुडघ्यानं दाबलं. पाच बोल्ट, पाच भोकं, आणि एकाचा एकाशी मेळ नाही. उजव्या टोकाचं वर्तुळच मोठं होतं.

रविराजनं पान्हा भिंतीवर फेकून मारला. पत्रा दणाणला. "एकाच एक्सलला दोन घराणी!" तो ओरडला. "असली कुठं गाडी असती व्हय? बोलवा त्या भिमाला. घेऊन जा म्हणावं. नको मला. मला काय जमतंय कधी? कोंबड्या न्हाई, मासं न्हाई, हे बी न्हाई!" त्याचे डोळे भरून आले होते आणि ते एवढ्या बायांसमोर भरले याची त्याला आणखी चीड आली.

भिमा टेम्पोतून उतरू लागला. आप्पांनी त्याला हातानंच थांबवलं.

"उजवी बाजू जीपची हाय," रुपाली म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"शिरूरच्या बाई म्हणत होत्या. दारात मोडून पडली तवा उजव्या बाजूचा शाफ्ट तुटला व्हता. शेजारी एक मोडकी जीप पडलेली, तिचं सामान काढून त्या साहेबांनी कापून जोडून बसवलं. मी न्हावऱ्यालाच सांगणार व्हते."

एवढ्या गावात रविराज एक नाव विचारत फिरला होता, आणि खरी हकीकत महिनाभर त्याच्याच घरात भाकरी थापत होती. त्याला फार लाज वाटली.

आप्पा खाटेवरून उठले. चालत जीपपाशी गेले, मागं टांगलेली स्टेपनी स्वतःच्या हातानं सोडवली आणि ढकलत शेडपर्यंत आणली. जुनी, गंजकी, चिखलानं भरलेली.

"बसव," ते म्हणाले. "आन् परत आणून द्यायची."

स्टेपनी बसली. पाचही बोल्ट आत गेले. गाडी जॅकवरून खाली आली आणि एका अंगाला कलून उभी राहिली, कारण जीपचं चाक मोठं होतं. बाया पदर तोंडाला लावून हसू लागल्या. रविराजला हसू येत नव्हतं, पण रागही येत नव्हता.

तो आत बसला. मग पलीकडचं दार उघडून म्हणाला, "रुपाली, बस."

ती पिठाचे हात पदराला पुसून बसली. इंजिन चालू झालं, गिअर पडला, आणि लाल गाडी लंगडत, खडखडत, स्वतःच्या पायानं शेडच्या बाहेर आली. अंगणाला उतार होता. गाडीनं वेग घेतला. समोर कांद्याचा ढीग.

"आणखी काय म्हणत होती ती बाई?" रविराजनं विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच विचारलं.

"म्हणत होती, ब्रेक एकदा दाबून लागत न्हाई. दोनदा दाबायचा."

रविराजनं ब्रेक आधीच एकदा दाबला होता, आणि तो पोकळ खाली गेला होता. त्यानं का, कशाला, काहीही विचारलं नाही. दुसऱ्यांदा दाबला.

गाडी ढिगाला नाक लावून थांबली. वरचे दोन कांदे घरंगळत येऊन तिच्या लाल बॉनेटवर बसले.

"जरा बाजूला घ्या," मागून आप्पा ओरडले. "कांदा आत येऊ द्या."