हरणाच्या कॉफीची बरणी

हसू नका मित्रांनो. आज माझ्या झाकणाला चीर गेली आहे, अंगावर बोटभर धूळ आहे आणि पोटात चिमूटभर पूडही नाही. पण एके काळी ताडकळसच्या येडबाच्या घरात देव्हाऱ्याच्या खालोखाल माझाच मान होता. मी कॉफीची बरणी आहे. तीही स्वस्तातल्या कॉफीची, हे आधीच सांगून टाकते. त्यात लाज कसली?

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तापलेली काच साच्यात ओतली, साचा उघडला, तर माझ्या पोटावर एक हरीण उमटलं होतं. मान मागं वळवून पाहणारं, लांब शिंगांचं. डोळे मिटून बोट फिरवलं तरी शिंगं हाताला लागावीत असं ठसठशीत. कंपनीचं नाव वरच्या कागदावर होतं, तो कागद कधीच निघून गेला. आमच्या भागात ते नाव कुणी घेतही नसे. दुकानात गेलं की 'हरणाची द्या' एवढंच म्हणायचं.

माझ्या पोटातली पूड काही फार उंची नव्हती. कॉफीत चिकोरीच्या स्वस्त मुळांची पूड मिसळलेली असायची. असू द्या की! दुधाला उकळी आली, त्यात माझ्यातला चमचाभर पडला आणि वरून जायफळ किसलं, की वासानं शेजारची कुसुमबाई भिंतीपलीकडून ओरडायची, "सुगंधा, मला बी एक घोट ठेव गं बाई!"

ही सुगंधाबाई म्हणजे येडबाची बायको. नवराबायकोचं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. चहा प्याला की तिच्या छातीत जळजळायचं, आणि चहाशिवाय तर सकाळ होत नाही. अशात एकदा ताडकळसच्या आठवडी बाजारात कंपनीची गाडी भोंगा वाजवत आली. कागदी पेल्यांतून फुकट कॉफी वाटायला लागली. सुगंधाबाईनं पदराआडून एक घोट घेतला, मग दुसरा घेतला आणि पेला तसाच येडबासमोर धरला.

"अवं, बगा तरी पिऊन. लय चांगली लागायलीय. छातीत जळंना बी."

येडबानं एक घोट घेतला आणि दुसऱ्या क्षणी गाडीवाल्याला पैसे मोजून मला घोंगडीत घातलं. त्या दिवशी तो बाजारात कशाला आला होता ते विसरूनच गेला. घरी गेल्यावर सुगंधाबाईनं त्याला त्याबद्दल चांगलंच झापलं, पण मला फळीवर ठेवताना पदरानं पुसून ठेवलं. मी तेव्हाच ओळखलं, आपण चांगल्या घरी पडलो.

पुढं मी रिकामी झाले की येडबा गल्लीतल्या पंडितच्या दुकानातून पुड्या आणायचा आणि सुगंधाबाई त्या कापून माझ्यात ओतायची. शेळीचं दूध, साखर, जायफळ आणि हरणाची कॉफी. पाहुणा आला की हेच. लेक दैवशाला हिला पाहायला मंडळी आली तेव्हासुद्धा चहाऐवजी कॉफीच झाली. नवऱ्या मुलाच्या आईनं दुसऱ्यांदा मागून घेतली. लग्न जुळलं ते माझ्यामुळंच, असं मी आजही मानते. तुम्ही मानू नका हवं तर.

एकदा थोरला मुलगा बिरदेव पुण्याहून आला. तिकडं कंपनीत कामाला आहे तो. त्यानं आईसाठी उंच, काळी, तोऱ्यातली बाटली आणली. "माय, ही खरी कॉफी. तुमची हरणाची म्हंजे निस्ती मिसळ." आता आपली रवानगी मिठासाठी होणार, असंच वाटलं. सुगंधाबाईनं ती कॉफी केली, चाखली आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "जळकं लाकूड भिजवल्यावानी लागतीय रे. तुझ्या सायबाला पाज." बिरदेव आणि येडबा पोट धरून हसले. ती काळी बाटली पुढं दिवे लावायच्या तेलाला गेली. मी मात्र फळीवर आणखी ताठ बसले.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण सगळं तिच्यावरच फिरलं. येडबाला अक्षर येत नाही. पण शेकडो मेंढरांतून आपलं मेंढरू तो लांबून ओळखतो, ते पाठीवरच्या रंगाच्या खुणेवरून. धनगराच्या कळपात खूण म्हणजे शब्द. खूण बदललेली दिसली, की कुणीतरी मेंढरू ढापलं, एवढाच तिचा अर्थ. असा हा माणूस एकदा कुठल्याशा जत्रेत फसला. घाईत दुसरीच पुडी घेऊन आला. तिच्यावरचं जनावर हरणासारखं होतं, पण हरीण नव्हतं. ती कॉफी पिऊन सुगंधाबाईला दिवसभर उलट्या झाल्या. बरं वाटल्यावर तिनं त्याची यथेच्छ चेष्टा केली. "अवं, हे बोकड हाय की! मेंढरं वळखता आन् हरीण वळखू येईना व्हय तुमाला? आता हमेशा शिंगं बगूनच आणा."

ती हसत म्हणाली, पण येडबानं ते काळजावर लिहून घेतलं. त्यानंतर तो दर वेळी पुडी उजेडात धरून हरणाची शिंगं बघायचा आणि मगच खिशात घालायचा.

मग एका वर्षी सुगंधाबाई आजारी पडली. मोठ्या दवाखान्यात नेलं, बरेच दिवस ठेवलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, त्यांना आवडेल ते खाऊपिऊ घाला. याचा अर्थ काय होतो ते घरात सगळ्यांना कळलं, मलाही कळलं. बिरदेवला पुण्याहून सुट्टी मिळेना, दैवशाला सासरहून आईपाशी येऊन राहिली. सुगंधाबाई ना भाकरी खाई, ना पेज घेई. पण एका सकाळी तिनं येडबाला जवळ बोलावलं आणि बारीक आवाजात म्हणाली, "कापी करा की. आपली."

मित्रांनो, त्या दिवशी मी रिकामी होते! इतक्या दिवसांत मला भरायला कुणाला सुचलं असतं? येडबानं माझा तळ चमच्यानं खरवडला. काहीच निघालं नाही. त्यानं मला पिशवीत घातलं आणि धावतच पंडितचं दुकान गाठलं.

पंडितनं पुढं केलेल्या पुडीवर हरीण नव्हतं. हातात कप घेतलेली एक गोरीपान बाई हसत होती.

"ही न्हाई. हरणाची दे."

"काका, हीच हाय. कंपनीनं पुडी बदलली. हरीण काढलं, ही बाई छापली. आतला माल त्योच हाय."

"मेंढराच्या पाठीवरला रंग कुणी उगी बदलतंय व्हय, पंडित? चोरच बदलतंय."

"अवो, फोडून वास तर घ्या!"

"वास बी नकली करतेत आजकाल. तिचं पोट आता लय नाजूक झालंय. तिच्या पोटात काय बी नकली जाऊ द्यायचं न्हाई मला."

पंडित खरं बोलत होता. मी पिशवीतून तळमळत होते. अरे बाबा, घे ती पुडी, तीच आहे, मी जन्मभर तिच्याच वासात राहिले आहे! पण काचेला तोंड असून उपयोग काय, बोलता थोडंच येतं.

येडबा आठवडी बाजारात फिरला. दर दुकानापुढं मला बाहेर काढायचा, पोटावरचं हरीण दाखवायचा आणि म्हणायचा, "असलं द्या." तिथून कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून चुडाव्याला गेला. तिथं स्टेशनाजवळच्या एका दुकानदारानं दात काढले. "बाबा, हरीण पायजे तर रानात जावा, हितं कशाला परेशान होता?" भोवतीची माणसं हसली. येडबा हसला नाही, चिडलाही नाही. त्यानं मला धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि पिशवीत ठेवलं. बाकावर बसलेल्या एका माणसाला दया आली असावी. त्यानं सांगितलं, "देवगाव फाट्याला दिनकररावांचं हाटेल हाय. तिथं मी ह्या हरणाच्या पुड्यांची माळ लटकलेली बगितलीय."

देवगाव फाटा म्हणजे पार सेलू तालुक्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी येडबा निघाला तेव्हा दैवशाला आडवी आली.

"अप्पा, कुठली बी कॉफी चालंल आता. न्हाईतर मी जाते, तुमी मायपाशी बसा."

"तुला हरीण वळखू यायचं न्हाई, बाई. गेलो आन् आलो."

घरात मोबाइल एकच. तो त्यानं लेकीपाशीच ठेवला, दवाखान्यात फोन करावा लागला तर म्हणून. उंबऱ्यातून त्यानं मागं पाहिलं. बाजेवरून सुगंधाबाईनं हात थोडासा उचलला. येडबाला वाटलं, ती म्हणते आहे, लवकर या. मी पिशवीच्या तोंडातून पाहत होते. मला वाटलं, ती म्हणते आहे, बसा.

परभणीला गाडी बदलून आम्ही फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. दिनकररावांच्या हॉटेलात भज्यांच्या धुरानं काळवंडलेल्या खिळ्याला खरंच एक माळ लटकत होती. जुनी, धुळकट, पण हरणाची! येडबानं एक पुडी माझ्या पोटाशी लावली. मान तीच आणि शिंगंही तीच.

"कवाची पडून हाय ती, बाबा," दिनकरराव म्हणाले. "कुणी घेईना. सगळी घेऊन जावा."

परतीच्या गाडीत येडबाच्या मांडीवर मी होते आणि माझ्या पोटात ती माळ गुंडाळून ठेवली होती. त्याचा हात माझ्या झाकणावरून हलला नाही. शेजारच्या अनोळखी माणसाला तो उगाच सांगत राहिला, "घरच्यांनी मागितलीय. त्यांना दुसरी चालत न्हाई. लय नखरा हाय त्यांचा." बोलता बोलता हसायचा, पुन्हा सांगायचा. इतक्या वर्षांत बायकोचं असं कौतुक त्यानं परक्यापुढं कधी केलं नव्हतं.

ताडकळसला उतरून आम्ही गल्लीत वळलो. आमच्या दारात माणसं बसली होती. कुसुमबाईनं येडबाला पाहिलं आणि तोंडात पदर कोंबला.

सुगंधाबाई दुपारीच गेली होती.

येडबा तिच्या उशाशी बसला. मला त्यानं जमिनीवर ठेवलं. दैवशाला रडत रडत सांगू लागली. बापाची वाट पाहून आईचा जीव कासावीस झाला, म्हणून तिनं पंडितच्या दुकानातून पुडी आणली आणि शेळीचं दूध तापवून कॉफी केली.

"पेली का गं?" येडबानं विचारलं.

"पेली, अप्पा. म्हणली, हीच की आपली! मग अर्धा गिलास बाजूला सारला. म्हणली, ह्यांना बोलीव. कुटं गेले? मला एकटीला काय ग्वाड लागायलीय व्हय?"

अर्धा ग्लास तिथंच बाजेखाली होता. वर साय धरलेली. येडबानं तो उचलला, तोंडाला लावला आणि त्या थंडगार कॉफीचा एक घोट घेतला.

"हीच हाय," तो म्हणाला. "दैवे, हीच हाय गं! मी कुटं गेल्तो?"

मग तो जो ओरडला मित्रांनो, तसा आवाज मी माणसाचा कधी ऐकला नव्हता. मी काच आहे, मला मोठ्या आवाजाची भीती वाटते. पण त्या क्षणी मला वाटलं, आपले तुकडे झाले तर फार बरं होईल.

संध्याकाळी तिला नेताना त्यानं ती पुड्यांची माळ तिच्या हाताशी ठेवली. पंडित तिरडीला खांदा द्यायला आला होता. ते पाहून तो कोपऱ्यात जाऊन लहान पोरासारखा रडला. "म्या हात धरून बसवाया पायजे होतं काकाला," एवढंच म्हणत होता. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

आता या घरात कॉफी होत नाही. कुणी विचारलं तर येडबा 'चहा टाका' म्हणतो. दिवसातून एखाद्या वेळी तो माझ्यासमोर येतो, माझ्याकडं न पाहताच काडेपेटी घेतो आणि निघून जातो. मला पुसत नाही, टाकूनही देत नाही. माझी त्याच्याविषयी काही तक्रार नाही.

आपली कथा सांगणाऱ्या बरण्या शेवटी काही ना काही मागतात. धुऊन ठेवा म्हणतात, फोडू नका म्हणतात. मला तुम्ही खुशाल भंगारात द्या. पण एवढं माझं ऐका. तुमच्या घरातलं कुणी अंथरुणाला खिळलेलं माणूस कधी घोटभर काही मागेल. ते आणायला शेजाऱ्याला पाठवा, दुकानदाराला हाक मारा, मिळेल ते आणा, नाहीच मिळालं तर राहू द्या. तुम्ही मात्र कुठं जाऊ नका रे. त्याचा हात हातात घ्या आणि तिथंच बसून राहा.